वेळासची ठेव

लक्ष्मी रस्त्यावरून नित्य जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना बेलबागेचा दरवाजा ठाऊक आहे. ते मंदिर उभारणाऱ्या नाना फडणवीसांचे मूळ गाव कोठले, हे मात्र निवृत्त होईपर्यंत मलाही माहीत नव्हते. ते गाव वेळास. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात, बाणकोट खाडीच्या दक्षिणेस, समोर पलीकडे हरिहरेश्वर. गेल्या मार्चमध्ये धाकटी बहीण, मेहुणे आणि माझी नात यांच्यासह तेथे दोन रात्री राहून आलो. नानांच्या नावासाठी नव्हे, कासवांसाठी.

ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवाची मादी थंडीच्या दिवसांत रात्री किनाऱ्यावर येते, भरतीच्या रेषेच्या वर वाळूत खड्डा करते, शंभर ते दीडशे अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा मागे वळून पाहत नाही. सुमारे पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्ले आपापली वर येतात. वाळू अधिक उबदार असेल तर माद्या अधिक, थंड असेल तर नर अधिक. ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर अशा माद्या एकाच वेळी हजारोंनी येतात. आपल्या कोकणात त्या एकेकट्या येतात, त्यामुळे शतकानुशतके त्यांच्याकडे कोणी फारसे पाहिलेच नाही. पाहिले ते अंडी नेणाऱ्यांनी आणि कुत्र्या-कोल्ह्यांनी.

चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे भाऊ काटदरे व त्यांचे सहकारी २००२ साली या पट्ट्यात समुद्रगरुडांचा अभ्यास करीत असताना त्यांना वेळासच्या वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत आहे. म्हणजे कायदा तीस वर्षे कागदावर होताच. पण रात्री दोन वाजता किनाऱ्यावर कायदा उभा राहत नसतो. संस्थेने शिक्षेची भीती घालण्याऐवजी गावाला सोबत घेतले, हा या प्रकरणातील शहाणपणाचा भाग. हंगामात गावातील माणसे पहाटे किनारा तुडवू लागली. मादीच्या वल्ह्यांसारख्या पायांची वाळूत उमटलेली नक्षी शोधायची, घरटे हुडकायचे, अंडी काढून कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवायची आणि तारीख लिहून ठेवायची.

येथे माझ्या बहिणीने जो प्रश्न विचारला तो आपल्या घरांतील कोणीही विचारला असता. ती त्या राखणदार तरुणाला म्हणाली, “जागची अंडी अशी हलवायची, म्हणजे त्यांतल्या जिवाला इजा नाही का होत, दादा?” तरुणाने प्रश्न हसण्यावारी नेला नाही. तो म्हणाला, “होते, ताई. म्हणून पहाटेच काढायची. उशीर झाला की आतला जीव कवचाला धरतो, मग अंडे नुसते फिरले तरी तो जातो. वरची बाजू वरच ठेवायची. आणि नाही काढली तर कोल्हा सोडत नाही.” बहीण गप्प राहिली. तिचे पूर्ण समाधान झाले असे मला वाटत नाही. खरे सांगायचे तर माझेही झालेले नाही. कोल्ह्याच्या तोंडचा घास काढून घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हा प्रश्न उरतोच. पण कोल्ह्याच्या भुकेने ही जात संपत नव्हती. माणसाच्या पिशव्यांनी संपत होती, आणि माणसाने केलेली तूट माणसानेच भरावी, इतपत हिशेब मला पटतो.

मेहुण्यांचा प्रश्न वेगळा होता. त्यांचा मार्केट यार्डात भुसाराचा व्यापार. “पहाटे चारला उठणाऱ्या माणसाला यात मिळते काय?” पस्तीस वर्षे कर्जप्रकरणे तपासल्यावर हा प्रश्न मला मुळीच क्षुद्र वाटत नाही. अंडी विकणाऱ्याला थोडे का होईना, पण रोख मिळत होते. ते थांबवायचे तर त्याच्या वहीत दुसरी जमा दिसली पाहिजे. २००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला, तो याच विचाराने. गावात मोठी हॉटेले उभी केली नाहीत. पाहुण्यांनी गावकऱ्यांच्याच घरी उतरायचे, ओसरीवर किंवा माजघरात झोपायचे, घरचे जेवायचे. जेवणाचे पैसे ज्या घरात चूल पेटली त्याच घरात राहतात. आज गावातील कासव मित्र मंडळ आणि वनखाते मिळून हे काम पाहतात, आणि आंजर्ल्यापासून थेट वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीपर्यंत हा धडा पोहोचला आहे.

तथापि केवळ मिळकतीवर सारे उभे असते तर २०२० साली ते कोसळले असते. मार्चअखेरीस टाळेबंदी लागली, पाहुणे बंद झाले. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड-दापोलीच्या बागा आडव्या केल्या. नारळ-सुपारीचे झाड पुन्हा धरायला किती वर्षे लागतात, हे शेतीकर्जे दिलेल्या माणसाला सांगायला नको. आणि तरीही जानेवारी २०२२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी वेळासला अंडी घालून परतणाऱ्या मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवले, तेव्हा त्या किनाऱ्यावर राखण होतीच. त्या मादीचे नाव ‘प्रथमा’ ठेवले गेले.

पहिल्या संध्याकाळी आमच्या नशिबी मात्र काहीच नव्हते. पिल्ले सोडण्याची वेळ साधारण सायंकाळी सहाची. बहिणीचा चौविहार असल्याने यजमानीण काकूंनी पाच वाजताच ताटे वाढली होती, तीही कांदा-लसूण-बटाट्याशिवाय, आणि कसलाही उपकाराचा आव न आणता. आम्ही घाईने जेवून किनाऱ्यावर धावलो. शंभरेक माणसे दोरीमागे उभी. टोपल्या एकेक करून उचलल्या. खाली नुसती वाळू. पुण्याहूनच आलेले एक गृहस्थ मोठ्याने बोलू लागले की, एवढे दोनशे किलोमीटर आलो, पैसे भरले, काहीतरी दाखवा. मला त्यांची लाज वाटली, आणि मनातल्या मनात मीही तेच म्हणत होतो याची अधिक वाटली. नात रडवेली झाली. काकू तिला म्हणाल्या, “अगं, ती काही आमच्या सांगण्यात नाहीत. त्यांना वाटेल तेव्हा येतील.”

हजार पिल्लांतून एखादेच मोठे होते असे मानतात. असे प्रकरण माझ्या टेबलावर आले असते तर मी दुसरे पान न उलटता नामंजूर केले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा गेलो. बहिणीची नवकारशी व्हायची होती, त्यामुळे चहाचा प्रश्नच नव्हता. तिसरी टोपली उचलली आणि वाळू हलली. तळहाताहून लहान, काळपट अकरा पिल्ले. त्यांना पाण्यात नेऊन सोडत नाहीत. काही पावले अलीकडे वाळूवर ठेवतात आणि ती स्वतः चालत जातात. एक जण वाट चुकून उलटे आमच्याकडे येऊ लागले. मेहुण्यांनी नकळत हात पुढे केला, राखणदाराने मान हलवली, त्यांनी हात मागे घेतला. लाटेने त्याला दोनदा परत आणून टाकले. तिसऱ्या लाटेबरोबर ते दिसेनासे झाले. नात तेवढा वेळ एक शब्द बोलली नव्हती.

जाणाऱ्यांसाठी थोडे. हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. ताम्हिणी घाट उतरून माणगाव, मंडणगडमार्गे जावे. घर आधी ठरवावे आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण हवे असल्यास तेव्हाच कळवावे. दोन रात्री हाताशी ठेवाव्यात, एक पुरत नाही.