डोक्याला वीज आणि स्मरणाचा सराव

मागच्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर एक शेतकरी बांधव आपल्या आईला घेऊन भेटायला आले. हातात मोबाईल, आणि त्यावर एका यंत्राची जाहिरात: डोक्याला पट्टा लावा, सौम्य वीज सोडा, विसरलेले आठवू लागेल. "फादर, हे मागवू का? आईच्या अलीकडे काही लक्षात राहत नाही. परवा भात चुलीवर ठेवून गोठ्यात गेली, ती तिकडेच." आई शेजारीच बसली होती. ती एवढेच म्हणाली, "मला करंट नको हं, फादर."

त्या दिवशी मी दोघांनाही धड उत्तर देऊ शकलो नाही. नंतर थोडे वाचन केले, डॉक्टरांशी बोललो, आणि माझे जे मत झाले आहे ते आज या पानावर मांडतो. प्रश्न काही त्या एकाच घराचा नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे आपल्या देशात साठी उलटलेल्या दर शंभर माणसांत सातांहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश असावा, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना. त्याच्या अलीकडच्या पायरीवर, नुसते विसरू लागलेले, किती असतील ते आपण घरोघर पाहतोच.

आधी त्या माउलीच्या भीतीविषयी. आपल्याकडे डोक्याला वीज म्हटले की 'शॉक' आठवतो, आणि शॉक म्हटले की धारवाड. शॉकचा उपचार वेगळा. तो भूल देऊन करतात, त्यात साधारण ८०० ते ९०० मिलिअँपिअर वीज क्षणभर दिली जाते, आणि तीव्र नैराश्यात तो आजही उपयोगी पडतो. त्याची जी बदनामी झाली ती बरीचशी सिनेमाने केली आहे. आपण ज्याविषयी बोलत आहोत त्यात वीज असते फक्त २ मिलिअँपिअर. मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंजाचे तुकडे डोक्यावर पट्ट्याने बसवतात. माणूस जागा असतो, बोलत असतो, त्याला थोडी चुणचुण किंवा खाज जाणवते, इतकेच.

एवढ्याशा विजेने काय होते? मेंदूतील पेशी तिच्यामुळे काम करू लागत नाहीत, फक्त कामाला लवकर तयार होतात असे तज्ज्ञ सांगतात. शेतकऱ्याला हे समजायला एक शब्द पुरे आहे: वाफसा. पावसानंतर जमीन ना चिखल, ना कोरडी अशी झाली की आपण म्हणतो वाफसा आला, आता कुरी धरा. वीज आणते तो वाफसा. पेरणी म्हणजे स्मरणाचा आणि विचाराचा सराव. वाफसा आला आणि बी टाकलेच नाही तर नुसते तणच माजायचे. म्हणून संशोधकांनी विजेसोबत त्याच वेळी सरावही घ्यायला सुरुवात केली.

या जोडउपचाराची मोठी परीक्षा कॅनडातील टोरोंटो शहरात झाली व तिचा निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाला. साठीपुढील ३७५ माणसे तीत होती. काहींना विसराळूपणाची सुरुवात होती, काहींना पूर्वी नैराश्याचा मोठा आजार होऊन तो बरा झाला होता, आणि काहींच्या वाट्याला दोन्ही आले होते. निम्म्यांना खरी वीज व खरा सराव, बाकीच्यांना दोन्हींची नुसती बतावणी. आठवड्याचे पाच दिवस असे आठ आठवडे उपचार चालला, आणि पुढे दर सहा महिन्यांनी पाच दिवस उजळणी. काहींवर सात वर्षांपर्यंत नजर ठेवली गेली. खरा उपचार घेणाऱ्यांची बुद्धी काहीशी सावकाश उतरली. उतरण थांबली नाही. स्मृतिभ्रंश जडणाऱ्यांची संख्या निश्चितपणे घटली असेही सिद्ध झाले नाही. शिवाय दोन्ही एकत्रच दिल्यामुळे श्रेय विजेचे की सरावाचे, हेही त्यातून कळत नाही.

पण त्या निष्कर्षातली एक गोष्ट वाचून मी थांबलो. लाभ अधिक दिसला तो ज्यांना पूर्वी नैराश्य होऊन गेले होते त्यांच्यात. नैराश्याचा इतिहास नसलेल्या, केवळ विसराळू झालेल्यांत तो तितका दिसला नाही. म्हणजे जाहिरात ज्यांना यंत्र विकू पाहते, त्यांच्याच पदरात सर्वांत कमी पडले! याआधी चुंबकीय लहरी आणि सराव यांची अशीच जोडी अल्झायमरच्या रुग्णांसाठी पुढे आली होती. २०१९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागारांना तिचाही लाभ पटला नव्हता.

म्हणून त्या बांधवांना माझे उत्तर आहे: यंत्र मागवू नका. घरी आपल्या मनाने वीज लावून कातडी भाजल्याची उदाहरणे आहेत, आणि फेफरे येणाऱ्यांनी, डोक्यात धातूची पट्टी किंवा छातीत पेसमेकर बसवलेल्यांनी तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय त्या वाटेला जाऊच नये. उद्या एखाद्या सरकारी इस्पितळात हा उपचार रीतसर मिळू लागला तर जरूर चौकशी करा, पण सराव कोण घेणार, किती दिवस, आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलावणार का, हे आधी विचारा. नुसता पट्टा लावून घरी पाठवणार असतील तर येण्याजाण्याचे भाडे वाया जाईल.

पण खरे सांगायचे ते पुढेच आहे. दुसऱ्यांदा ती दोघे आली तेव्हा मी मुलाला विचारले, आईचे हे केव्हापासून? तो विचारात पडला. उत्तर आईनेच दिले, "मालक गेल्यापासून." दोन वर्षे झाली. झोप पहाटे तीनलाच मोडते, जेवणाची वासना नाही, रताळीच्या वेलांना हात लावावासा वाटत नाही. घरातल्यांनी हे सारे म्हातारपणाच्या खाती मांडले होते. आपण सगळेच असे करतो, मीही केले आहे. आजाऱ्यांना भेटायला जातो तेव्हा गुडघ्याची, साखरेची चौकशी करतो आणि मनाची राहून जाते.

उतारवयातले नैराश्य रडत येत नाही. ते पोटात गोळा, पाठीत कळ, आणि "काही लक्षात राहत नाही" असे सांगत येते. ते अंगावर काढले तर पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो. २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने टाळता येण्याजोगी जी १४ कारणे सांगितली त्यांत ते आहेच, आणि त्याच्यासोबत कमी ऐकू येणे, कमी दिसणे, रक्तदाब, मधुमेह, दारू, तंबाखूचा धूर आणि एकटेपणाही आहे. आणखी एक साधी गोष्ट: बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि थायरॉईडचा बिघाड यांनीही विसर पडतो, आणि तो रक्त तपासून औषधाने सुधारू शकतो. यंत्राच्या किमतीपुढे या तपासण्यांचा खर्च काहीच नाही.

मनाच्या बाबतीत तर आपल्या शेजारी गोव्यातच एक प्रयोग झाला आहे. साठीपुढील १८१ माणसे, ज्यांच्यात उदासीची लक्षणे नुकतीच दिसू लागली होती. निम्म्यांकडे गावातलेच, डॉक्टर नसलेले पण शिकवून तयार केलेले कार्यकर्ते जात. अडचणी एकेक करून कशा सोडवायच्या, झोप कशी सुधारायची, मधुमेह कसा सांभाळायचा, पेन्शनचा अर्ज कुठे द्यायचा, हे सांगत. वर्षभरात या गटात नैराश्य जडले ४ जणांना, दुसऱ्या गटात १३ जणांना. कसली वीज नाही की पट्टा नाही.

सरावाचे म्हणाल तर तो करावाच, पण काय पेरले तेच उगवते हे ध्यानात ठेवावे. अमेरिकेत १९९८ साली सुरू झालेल्या एका मोठ्या प्रयोगात २,८३२ वृद्धांपैकी काहींना स्मरणाचे, काहींना तर्काचे, काहींना चटकन पाहून ओळखण्याचे धडे दिले. ज्याने जे गिरवले त्यात तो सुधारला, दुसऱ्यात नाही. दहा वर्षांनी तर्काचा आणि चपळाईचा फायदा टिकून होता, स्मरणाचा मात्र ओसरला होता. तेव्हा शब्दकोडी सोडवून नातवंडांची नावे आठवतील असे नाही. बाजाराची यादी न पाहता सांगणे, सुट्टे पैसे मोजणे, काल कोणाकडे गेलो होतो ते नीट क्रमाने सांगणे, औषधाची वेळ स्वतः लक्षात ठेवणे, असा रोजच्या कामाचा सराव बरा.

इथे एका गैरसमजाविषयी सांगितले पाहिजे. "फादर, आजोबा संपूर्ण रोझरी आणि लितानी न चुकता म्हणतात, त्यांना काय झालेय?" असे मला अनेकदा ऐकवले जाते. लहानपणापासून पाठ असलेले सर्वांत शेवटी जाते. आजोबा लितानी म्हणतील आणि जेवलो की नाही हे विसरतील. नवे टिकते का ते पाहा. आणि तसे काही दिसले तर शेतीच्या कागदांवर त्यांचा अंगठा घेण्याची घाई करू नका. आधी डॉक्टरांकडे न्या. (हे कोणासाठी लिहिले ते ज्याचे त्याला कळेल.)

त्या माउलीला मुलगा डॉक्टरांकडे घेऊन गेला. उदासीवर गोळ्या सुरू झाल्या आहेत, रक्ताचा अहवाल यायचा आहे. विसर किती कमी होईल ते सांगता येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. तेही खरेच. झोप मात्र आता पाचपर्यंत लागते असे ती सांगते.

ज्यांना जाणे जमत नाही त्यांनी सरकारच्या 'टेली-मानस' सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. पैसे पडत नाहीत. आणि सुगी आटोपली की दर गुरुवारी सकाळी चर्चच्या सभागृहात साठीपुढच्या मंडळींना एकत्र बसवावे असा माझा विचार आहे. त्यासाठी दोन तरुण मुली आणि मोठ्याने, सावकाश बोलणारा एक माणूस हवा आहे. नावे कार्यालयात द्यावीत.