नाक खाली, कॅस्टरही खाली

संपादक महोदय,

जुन्या फोक्सवॅगन बीटलवरील गेल्या अंकातला लेख ठामपणे सांगतो की, पुढचे सस्पेन्शन खाली केले की गाडी रस्त्याला चिकटते आणि ब्रेकही सुधारतात. ही दिशाभूल आहे.

बीटलच्या पुढच्या चाकांचे ट्रेलिंग आर्म दोन आडव्या नळ्यांतल्या टॉर्शन पट्ट्यांवर चालतात. फक्त नाक उतरवले की नळ्यांसकट सगळी गाडी पुढे झुकते आणि कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या आसाचा मागे कललेला कोन, घटतो. व्हीलबेस 2400 मिमी. पुढून 75 मिमी उतरवले तर जवळपास 1.8 अंश जातात. मुळात तो कोन चार अंशांच्याही आतला! मग वेगात गाडी भरकटते, वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ होत नाही. खालच्या नळीमागे कॅस्टर शिम घालायच्या, हा साधा उपाय लेखात कुठेच नाही.

लेखक ड्रॉप स्पिंडलचा, म्हणजे चाकाचा आस उंच बसवून गाडी खाली आणणाऱ्या स्पिंडलचा, हवाला देतात. त्याने सस्पेन्शनची हालचाल शाबूत राहते, एवढे खरे. झुकाव मात्र तसाच राहतो. शिम तिथेही लागतात.

गुरुत्वमध्य खाली गेल्याने ड्रम ब्रेकची ताकद वाढत नाही. इंजिन मागे, त्यामुळे पुढची चाके आधीच हलकी. त्यांना अरुंद टायर चढवले की ओल्या रस्त्यावर ती लवकर लॉक होतात.

खाली केलेल्या गाडीचा ब्रेक होज पूर्ण वळणावर टायरला घासू शकतो. वाचकांनी तो आधी तपासावा आणि आपण ही दुरुस्ती पुढील अंकात छापावी.

– एक वाचक, पुणे