नवव्या खुर्चीचा प्रश्न : बोधगया, नांदेड आणि आपले विहार

बोधगयेच्या महाबोधी महाविहाराबद्दल नांदेड-लातूरच्या आपल्या तरुणांना एक गोष्ट पाठ झाली आहे : समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू. पण नववा माणूस कोण, हे कमी जणांना सांगता येते. १९४९ च्या बोधगया मंदिर कायद्यानुसार ही नववी खुर्ची गयेच्या जिल्हाधिकाऱ्याची, म्हणजे अध्यक्षाची. जिल्हाधिकारी हिंदू नसेल तर त्याच्या काळापुरता सरकारने दुसरा हिंदू अध्यक्ष नेमावा, अशी तरतूदही त्या कायद्यात होती. ती २०१३ मध्ये काढली. मात्र खुर्ची सरकारकडेच राहिली. चार-चार अशी फूट पडली की वजन याच खुर्चीचे पडणार. १२ फेब्रुवारी २०२५ पासून बोधगयेत भिक्खूंनी मांडलेल्या आंदोलनाचे मूळ या रचनेत आहे.

असाच वाद आपल्या शेजारी, नांदेडातच चालू आहे. सचखंड हजूर साहिब गुरुद्वाऱ्याचा बोर्ड १९५६ च्या कायद्याने झाला, तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. बोर्डाचे सदस्य आपला अध्यक्ष निवडत. २०१५ मध्ये राज्य सरकारने कलम ११ बदलले आणि अध्यक्ष नेमण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. मध्यंतरी कारभार प्रशासकांकडेही गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर १७ पैकी १२ सदस्य सरकारने नेमावेत असा नवा कायदा मंत्रिमंडळाने मंजूर केला. शीख समाज रस्त्यावर उतरला, तेव्हा तो थांबवावा लागला.

नेमलेली माणसे चांगली की वाईट, हा येथे मुद्दा नाही. ज्याने नेमले त्यालाच अध्यक्ष उत्तर देतो, मग तो कितीही सज्जन असो. शीख बांधवांना हे पहिल्याच दिवशी कळले. आपणही बोधगयेबाबत हेच म्हणतो आहोत.

आता जरा आपल्या गल्लीत या. आपल्या विहाराच्या ट्रस्टचा अध्यक्ष कोणी नेमला? कितीतरी ठिकाणी उत्तर असते, ‘ते पहिल्यापासूनच आहेत.’ विहाराची जागा मिळवायला त्यांनी खस्ता खाल्ल्या, प्रसंगी पदरचे पैसे घातले, हे खरेच असते. त्याबद्दल कृतज्ञता हवीच. पण त्याच कारणाने पंधरा-पंधरा वर्षे सभा होत नाही आणि हिशेब विचारणारा पोरगा ‘कालचा आलेला’ ठरतो.

कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० ची भिस्त विश्वस्तांवर आहे. अध्यक्ष हा त्यांच्यातलाच एक. सभा बोलावणे, ती चालवणे, समान मते पडल्यास निर्णायक मत देणे, हे जादा अधिकार त्याला मिळतात ते ट्रस्टच्या घटनेतून, आणि घटनेत लिहिले असतील तेवढेच. त्यामुळे ‘अध्यक्षांनी ठरवले’ हे कशाचेच उत्तर होत नाही. विश्वस्त बदलला तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल द्यायचा. जमाखर्च ठेवायचा. विहाराची जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी घ्यायची. एका सहीने गेलेला प्लॉट पुढे किती वर्षे कोर्टात अडकतो, ते ज्यांनी भोगले त्यांना विचारा.

ही काही बाहेरून आलेली शिस्त नाही. विनयात संघाच्या चीवरांचा भांडारी नेमायची रीत आहे. प्रस्ताव संघापुढे मांडायचा, हरकत असेल त्याने बोलायचे, सगळे गप्प राहिले तर संमती धरायची. नेमायचा तो भिक्खू लोभ, द्वेष, मोह आणि भय यांनी वाकणारा नसावा, आणि काय सांभाळून ठेवले, काय नाही, हे त्याला ठाऊक असावे. यातला ‘भय’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. स्थानिक पुढाऱ्याला दुखवायचे नाही म्हणून बुद्धजयंतीच्या वर्गणीचा हिशेब फलकावर न लावणारा अध्यक्ष लोभी असेलच असे नाही. तो घाबरलेला असतो.

बाबासाहेबांचेही पाहा. २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तेव्हा अध्यक्षपद सर चिमणलाल सेटलवाड यांच्याकडे होते. बाबासाहेब व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष होते, म्हणजे वसतिगृहे, वाचनालये अशी रोजची कामे जिथून चालायची तिथे.

दाभडच्या बावरीनगर महाविहारात पौष पौर्णिमेच्या धम्म परिषदेला आपण हजारोंनी जातो. तिथून परतल्यावर एक काम करता येईल. धर्मादाय कार्यालय नांदेडलाही आहे, लातूरलाही. आपल्या विहाराचा नोंदणी क्रमांक घेऊन जा, परिशिष्ट एकच्या नकलेसाठी अर्ज करा आणि विश्वस्त म्हणून आज कुणाकुणाची नावे आहेत ते वाचा. त्यातले किती जण हयात आहेत, तेही मोजा.