वेतनवाढ मागावी कोणाकडे?

माझा भाचा बंगळुरूच्या एका खाजगी कंपनीत काम करतो. मध्यंतरी सुट्टीत आला असता त्याने जेवताना विचारले, "मामा, तुम्ही साहेबांकडे पगारवाढ कशी मागता?" त्याला आठवडाभरात वरिष्ठांसमोर बसायचे होते. वर्षभरातील कामाची यादी, दुसऱ्या कंपनीने देऊ केलेला आकडा, बोलायला योग्य दिवस कोणता, असा सगळा विचार त्याने करून ठेवला होता. मी हसलो. इतक्या वर्षांच्या सेवेत मी एकदाही पगारवाढ मागितलेली नाही आणि मागितली असती तरी माझ्या साहेबांना ती देता आली नसती, असे मी त्याला सांगितले. उत्तर खरे होते, पण अर्धे. उरलेले अर्धे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

शासकीय सेवेत वेतनवाढ मागावी लागत नाही, याचे कारण नियमांत आहे. मूलभूत नियमांतील २४ वा नियम असे सांगतो की, वेतनवाढ रोखण्यात आली नसेल तर ती सर्वसाधारणपणे आपोआप मिळत राहील. म्हणजे वाढ देण्यासाठी नव्हे, तर रोखण्यासाठी आदेश लागतो. आणि तसे रोखणे ही १९६५ च्या नियमांनुसार शिक्षा ठरते. सहाव्या वेतन आयोगापासून या वाढीचा दर तीन टक्के आहे. त्याखेरीज जानेवारी आणि जुलै अशा दोन तारखांपासून महागाई भत्ता सुधारला जातो. त्याला औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाचा आधार असतो. साधारणतः दहा वर्षांनी वेतन आयोग बसतो. सातवा २०१६ पासून लागू झाला, आठवा २०२५ मध्ये नेमला गेला. यावरही काही मागायचे असेल तर १९६६ पासून संयुक्त सल्लागार यंत्रणा आहे. तेथे संघटनांचे प्रतिनिधी आणि शासनाचे सचिव समोरासमोर बसतात.

ही व्यवस्था मला मनापासून योग्य वाटते. ज्याला दरवर्षी साहेबाची मर्जी राखून पगार वाढवून घ्यावा लागतो, तो साहेबाच्या चुकीच्या टिपणीवर विरोधी शेरा लिहिणार नाही. वेतनवाढ मर्जीवर नसणे हा प्रशासनाच्या निःपक्षपातीपणाचा एक पाया आहे. पण हा पाया आपण आपल्यापुरताच घातला, आणि माझी तक्रार नेमकी याविषयी आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका हिंदी भाषक राज्यात जिल्ह्याचे काम पाहत असताना जनसुनावणीच्या दिवशी एक बाई माझ्या टेबलासमोर उभी राहिली. शाळेत मुलांचे दुपारचे जेवण रांधणारी, तिकडच्या भाषेत 'रसोइया'. अर्ज कुणाकडून तरी लिहून घेतलेला होता. ती एवढेच म्हणाली, "साहब, कुछ बढ़वा दीजिए." त्या काळात जमावबंदीचा आदेश माझ्या सहीने निघत असे, शस्त्र परवाना माझ्या सहीने रद्द होत असे, पण या बाईचे मानधन एका रुपयाने वाढवण्याचा अधिकार मला नव्हता. मी अर्जावर 'नियमानुसार आवश्यक कार्यवाहीस्तव' असा शेरा मारून तो शिक्षण विभागाकडे पाठवला. शिक्षण विभागाने तो राज्य मुख्यालयाकडे पाठवला. मुख्यालयाचे उत्तर आले की मानधनाचा दर केंद्राच्या मापदंडानुसार आहे, सबब प्रकरण निकाली काढण्यात यावे. प्रकरण निकाली निघाले. बाई दुसऱ्या दिवशी चुलीपुढे होती.

आता हा मापदंड पाहू. स्वयंपाकी-मदतनीसाला दरमहा १,००० रुपये, तेही वर्षातील दहाच महिने, असा दर केंद्राने डिसेंबर २००९ पासून ठरवला. बहुतेक राज्यांत त्यातील ६०० रुपये केंद्राचे आणि ४०० राज्याचे. केरळ, तमिळनाडू यांसारखी राज्ये आपल्या तिजोरीतून कितीतरी अधिक देतात. काही राज्ये फारच थोडी भर घालतात. परंतु केंद्राचा मूळ आकडा २०२४ सालापर्यंत तरी हललेला नव्हता.

त्याच काळात आपले काय झाले? डिसेंबर २००९ मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता २७ टक्के होता. जानेवारी २०१६ मध्ये तो १२५ टक्के झाला, मग मूळ वेतनात विलीन झाला आणि पुन्हा शून्यापासून चढत जानेवारी २०२४ मध्ये ५० टक्क्यांवर पोहोचला. वार्षिक वाढ नको, वेतन आयोगाचा लाभ नको, केवळ हा महागाई भत्ता त्या १,००० रुपयांना लावला असता तरी जानेवारी २०२४ मध्ये तो आकडा सुमारे २,६५० रुपये झाला असता. ही वाढ नव्हे. २००९ साली आपणच ठरवलेल्या रकमेची किंमत टिकवून धरणे, इतकाच त्याचा अर्थ. तेवढेही आपण केले नाही. म्हणजे दर वर्षी, कोणताही आदेश न काढता, कोणतीही चौकशी न करता, आपण या बाईच्या मानधनात कपात करत आलो. नियमित कर्मचाऱ्याची नुसती वेतनवाढ रोखायची तर कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते!

यावर माझे सहकारी जे आक्षेप घेतात ते मला ठाऊक आहेत, कारण एके काळी मीही ते घेत असे.

पहिला आक्षेप असा की ही नोकरीच नव्हे. ही स्वयंसेवा आहे, म्हणून वेतन नाही, 'मानधन' आहे. शब्द मोठा सुंदर आहे. पण या स्वयंसेविकेला वेळ ठरवून दिलेली असते, तिची हजेरी लागते, आणि चार दिवस आली नाही तर तिच्या जागी दुसरी येते. शिजवलेले जेवण द्या असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ते जेवण हा मुलांचा हक्क झाला. खाणाऱ्याचा हक्क कायद्याचा आणि रांधणारीचा मोबदला तेवढा सन्मानाचा, हा न्याय कोणत्या पुस्तकातला? अंगणवाडी सेविका नागरी पद धारण करीत नाहीत, असे न्यायालयाने २००६ साली म्हटले हे खरे. पण त्याच न्यायालयाने २०२२ साली त्यांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क मान्य केला. भारतीय श्रम परिषदेने तर २०१३ सालीच योजनांतील या स्त्रियांना कामगार मानावे, अशी शिफारस केली होती.

दुसरा आक्षेप तिजोरीचा. पैसा मर्यादित आहे, हे मी नाकारत नाही. मात्र तिजोरीची ही आठवण आपल्याला नेहमी वेतनश्रेणीच्या सर्वांत खालच्या पायरीच्याही खाली उभ्या असलेल्यांच्याच बाबतीत होते. २०२० साली महासाथीत शासनाने आपल्या महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले. अवघे दीड वर्ष! तेवढ्यात कार्यालयांतून काय चर्चा झडल्या, किती निवेदने गेली, ते आपण विसरलो नसू. जुलै २०२१ पासून दर पूर्ववत चढला. फक्त मधली थकबाकी मिळाली नाही, आणि तिचे दुःख अजून निवृत्तांच्या गप्पांत निघते. दीड वर्षाचे गोठणे जर अन्याय असेल, तर त्याच्या दसपट काळ गोठलेल्या मानधनाला आपण काय म्हणणार?

तिसरा आक्षेप थोडा खाजगीत घेतला जातो: एवढ्याच पैशांत दुसरी बाई मिळते ना? मिळते. पण शिपायाच्या जागेसाठीही पदवीधरांचे अर्ज येतात, म्हणून शिपायाचे वेतन कुणी कमी केलेले नाही. शासन हा आदर्श मालक असावा, असे आपण प्रशिक्षणात शिकतो. बाजारात सर्वांत स्वस्त मिळेल ते घेणारा मालक आदर्श म्हणवत नाही.

या स्त्रियांनी मोर्चा काढला की आपण वाहतुकीच्या कोंडीचा अहवाल मागवतो आणि 'मागण्या सनदशीर मार्गाने मांडाव्यात' असा सल्ला देतो. सनदशीर मार्ग म्हणजे कोणता? भाच्याला निदान समोर बसायला एक साहेब तरी आहे, जो हो किंवा नाही म्हणू शकतो. मला साहेबाची गरजच नाही. आणि या बाईचा साहेब कोण? मुख्याध्यापक म्हणतो मी नव्हे, जिल्हाधिकारी म्हणतो मी नव्हे, राज्य केंद्राकडे बोट दाखवते आणि केंद्र म्हणते, राज्यांना अधिक देण्याची मुभा आहे. अंगणवाडी सेविकांचे मानधन केंद्राने २०१८ मध्ये ३,००० वरून ४,५०० रुपये केले. तेही घोषणेने आले, नियमाने नव्हे. घोषणेची वाट पाहावी लागते. नियम स्वतः चालत येतो.

म्हणून माझे म्हणणे थोडके आहे. योजनांतील प्रत्येक मानधनाला महागाई निर्देशांक जोडावा. दर जानेवारीत तो दर आपोआप सुधारावा. आणि ज्या वर्षी सुधारायचा नसेल त्या वर्षी सचिवाने कारणे नमूद करून सहीनिशी तसा आदेश काढावा. मूलभूत नियम २४ ने आपल्याला दिले तेवढेच. यासाठी या स्त्रियांना नियमित पदे द्यावी लागत नाहीत की नवा आयोगही नेमावा लागत नाही. एक परिपत्रक पुरे.

भाच्याने वरिष्ठांकडे वाढ मागितली. किती मिळाली ते त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही. माझी वाढ त्या वर्षीच्या जुलैत नेहमीप्रमाणे खात्यात जमा झाली. मी तिच्यासाठी एकही अर्ज केलेला नव्हता. त्या बाईचा अर्ज मात्र माझ्या शेऱ्यासह कुठल्यातरी अभिलेख कक्षात निकाली प्रकरणांत पडून असेल. तो शेरा मी मारला होता, आणि त्यात नियमबाह्य काहीच नव्हते.