आमच्या मुलींनीं कां धांवावें?

गेल्या शिमग्याच्या सुमारास एक गृहस्थ मला भेटावयास शाळेंत आले. डोंगरउतारावर थोडी नागली-वरई, खाचरांत थोडा भात, आणि सुगी सरली कीं द्राक्षांच्या बागांत मजुरी, असा त्यांचा संसार आहे. त्यांची मुलगी आमच्या नवव्या इयत्तेंत शिकते. बराच वेळ इकडचें तिकडचें बोलून झाल्यावर ते म्हणाले, “गुरुजी, पोरीला शिकवा, मारा, झोडा, आमचें कांहीं म्हणणें नाहीं. पण तें धांवणें तेवढें बंद करा. पोर वयांत आली. पाड्यावर लोक बोलतात. आणि पळून कोणाचें पोट भरलें आहे का?”

मीं त्या वेळीं कांहींतरी उत्तर दिलें. तें त्यांस पटलें नाहीं; खरें सांगावयाचें तर माझें मलाही तें पुरेसें वाटलें नाहीं. त्यांचे दोन्ही प्रश्न साधे आहेत, आणि या परिसरांतील कितीतरी आईबापांच्या मनांत तेच आहेत. म्हणून तें अपुरें राहिलेलें उत्तर आज या वार्षिकाच्या पानांवर पुरें करावें असें मीं योजिलें आहे.

आरंभ दूरच्या दाखल्यानें करण्याचें कारण नाहीं. हरसूलच्या जवळच सावरपाडा आहे. तेथें 1985 सालीं जन्मलेल्या कविता राऊत यांचें नांव आपल्यापैकीं कोणीं ऐकलें नाहीं? ‘सावरपाडा एक्सप्रेस’ हें लोकांनीं त्यांस प्रेमानें दिलेलें नांव तर लहान पोरांच्याही तोंडीं आहे. परंतु नांव ठाऊक असणें निराळें आणि कार्य ठाऊक असणें निराळें. मीं वर्गांत विचारून पाहिलें, तेव्हां त्यांनीं नेमकें काय मिळविलें हें पुरतें सांगणारा विद्यार्थी क्वचितच आढळला. तें आधीं सांगतों.

ऑक्टोबर 2010 मध्यें दिल्लीस राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा भरल्या होत्या. तेथें 10,000 मीटरांच्या शर्यतींत कविता राऊत यांनीं 33 मिनिटें 5.28 सेकंदांत तिसरें स्थान पटकावून कांस्यपदक मिळविलें. पहिल्या दोघी केनियाच्या होत्या. 1958 सालीं कार्डिफ येथें मिल्खा सिंग यांनीं 440 यार्डांची शर्यत जिंकली होती. त्यानंतर या स्पर्धांत धांवपट्टीवरील वैयक्तिक पदक भारताच्या हातीं लागण्यास 52 वर्षें जावीं लागलीं. भारतीय स्त्रीला तर तें तोंवर एकदांही मिळालें नव्हतें. पुढच्याच महिन्यांत चीनमधील ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धांत त्यांनीं तेंच अंतर 31 मिनिटें 51.44 सेकंदांत तोडलें व रौप्यपदक मिळविलें. सुवर्णपदक मिळालें तें आपल्याच देशाच्या प्रीजा श्रीधरन यांस. त्यांची वेळ 31 मिनिटें 50.47 सेकंद. म्हणजे अर्ध्या तासाहून अधिक धांवून दोघींमध्यें पुरता एक सेकंदही अंतर नव्हतें! 2012 सालीं भारत सरकारनें कविता राऊत यांचा अर्जुन पुरस्कारानें गौरव केला.

मुलांनो, 10,000 मीटर म्हणजे काय याची नीट कल्पना करा. चारशें मीटरांच्या पट्टीवर पंचवीस फेऱ्या. दिल्लीच्या शर्यतींत प्रत्येक फेरीस सरासरी 79 सेकंद लागले. आमच्या मैदानावर तुमच्यापैकीं चपळांतला चपळ मुलगा तशी एक फेरी काढील व गुडघ्यांवर हात ठेवून वांकून उभा राहील. त्याच गतीनें आणखी चोवीस फेऱ्या उरलेल्या असतात! हें बळ एका दिवसांत येत नाहीं. तें रोज पहांटे थोडें थोडें सांठवावें लागतें, जसें उन्हाळ्यांत आपल्या आया झऱ्याशीं बसून वाटी वाटीनें हंडा भरतात तसें.

आतां कोणी म्हणेल, खेळ तर पुष्कळ आहेत. मग धांवण्याचाच आग्रह कां? उत्तर सरळ आहे. ज्याला बॅट लागत नाहीं, जाळी लागत नाहीं, वर्गणी लागत नाहीं, असा हा एकच खेळ. बूट मिळाले तर उत्तम. परंतु पहिलें पाऊल अनवाणी टाकतां येतें. आणि चढणीची वाट तर आपल्या प्रत्येक पाड्याच्या दारांत आहे. ज्या डोंगरानें आपल्याला पिढ्यान् पिढ्या दमविलें, तोच आपल्या लेंकरांची तालीमशाळा होऊं शकतो.

याविषयीं परदेशांतील एक उदाहरण घेण्यासारखें आहे. इटलीच्या उत्तरेस आल्प्स पर्वतांत सांता कातेरिना नांवाचें एक लहान खेडें आहे. आपल्याकडे जसा पाऊस, तसें तेथें बर्फ. पायांस लांब पट्ट्या बांधून त्या बर्फाच्या उतारावरून वेगानें घसरत जाण्याच्या शर्यती तिकडे होतात. 1970 सालीं जन्मलेली डेबोरा कोंपान्योनी ही त्या खेड्यांतील मुलगी. 1992 सालच्या हिवाळी ऑलिंपिकमध्यें तिनें सुवर्णपदक जिंकलें, आणि दुसऱ्याच दिवशीं दुसऱ्या शर्यतींत पडून तिच्या डाव्या गुडघ्याचे बंध तुटले. आदल्या दिवशीं जयजयकार, आणि दुसऱ्या दिवशीं बर्फांत वेदनेची किंकाळी! तरी ती पुन्हा उभी राहिली. 1994 सालीं नॉर्वेंत व 1998 सालीं जपानांत तिनें पुन्हा सुवर्णपदकें मिळविलीं. तीन निरनिराळ्या हिवाळी ऑलिंपिकांत सुवर्णपदक मिळविणारी, या पर्वतउतारावरील शर्यतींतली, ती पहिलीच स्पर्धक होय.

दोघी डोंगरच्या कन्या. परंतु एक भेद विसरतां येत नाहीं. त्या इटालियन खोऱ्यांत बर्फावर घसरणें हा लहानथोरांचा मान्य खेळ आहे. मुलगी घसरूं लागली तर शेजारी तिचें कौतुक करतात. आमच्याकडे मुलगी धांवूं लागली कीं शेजारी तिच्या बापाला गांठतात. डोंगर दोन्हींकडे सारखाच उंच आहे. अडचण डोंगराची नव्हे, शेजाऱ्यांच्या जिभेची आहे.

येथें मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे, कारण तिच्यावांचून माझें म्हणणें खरें वाटणार नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं, मी दुसऱ्या एका शाळेंत नवा शिक्षक असतांना, माझ्या वर्गांत एक मुलगी होती. जिल्ह्याच्या शर्यतीसाठीं तिची निवड झाली होती. परीक्षा तोंडावर होती. तिच्या घरच्यांनीं माझें मत विचारलें. मीं, मोठा शहाणपणा केल्याच्या थाटांत, “शर्यती काय, दरवर्षीं येतात, परीक्षा बुडूं नये,” असें सांगितलें. ती गेली नाहीं. परीक्षा झाली, ती बेताची उत्तीर्ण झाली, आणि पुढच्या दिवाळीपूर्वीं तिचें लग्न लागलें. शर्यतीस पाठविलें असतें तर तिचें नशीब पालटलें असतें असें मी म्हणत नाहीं. परंतु “आमची पोर जिल्ह्याला जाऊन आली,” हें वाक्य त्या घरांत एकदां उच्चारलें गेलें असतें, तर लग्नाचा विचार वर्ष-दोन वर्षें तरी लांबला असता, असें मला आजही वाटतें. तें वाक्य मीं त्या घराला बोलूं दिलें नाहीं.

आतां पोटाचा प्रश्न. कविता राऊत यांस धांवण्यामुळें तेल व नैसर्गिक वायु महामंडळांत नोकरी मिळाली, हें खरें. आपल्या जिल्ह्यांतून पुढें आलेल्या दुसऱ्याही मुली आहेत. चांदवड तालुक्याच्या संजीवनी जाधव यांनीं 2017 सालीं भुवनेश्वर येथें आशियाई स्पर्धेंत 5,000 मीटरांचें कांस्यपदक मिळविलें. अशा मुलींस घडविण्यांत नाशिकचे प्रशिक्षक विजेंदर सिंग यांचा हात आहे. तरीही, पालकजनहो, मी तुम्हांस नोकरीचें आमिष दाखवीत नाहीं. शंभर मुली धांवतील तेव्हां एखादीच जिल्ह्याच्या पुढें जाईल. पदकाच्या आशेवर जो मुलीला धांवावयास लावील, तो तिला लॉटरीचें तिकीट समजतो. आणि पदक न मिळाल्यास तिच्यावर रागावेल. तसें होण्यापेक्षां ती न धांवलेली बरी.

म्हणूनच कविता राऊत यांच्या आयुष्यांतील ज्या गोष्टीची पोस्टरें लागलीं नाहींत, ती मी विद्यार्थ्यांस मुद्दाम सांगतों. फेब्रुवारी 2016 मध्यें गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई स्पर्धांत त्यांनीं मॅरेथॉन, म्हणजे 42 किलोमीटर 195 मीटर, 2 तास 38 मिनिटें 38 सेकंदांत धांवून सुवर्णपदक मिळविलें व त्या रिओच्या ऑलिंपिकला पात्र ठरल्या. ऑगस्टांत रिओस मात्र त्यांस 2 तास 59 मिनिटें 29 सेकंद लागले, आणि त्यांचा क्रमांक 120 वा आला. आमच्या लोकांस पहिले तीन क्रमांक मोजतां येतात. पुढची मोजणी आम्हांस येत नाहीं. परंतु विचार करा. पुढें शंभरावर धांवपटू निघून गेलेल्या, पदक तर स्वप्नांतही नाहीं, आणि तरी उरलेलें अंतर पाय ओढीत पुरें करावयाचें! कित्येक जणी त्या दिवशीं शर्यत अर्ध्यावर सोडून गेल्या. सावरपाड्याच्या या कन्येनें ती पुरी केली. माझ्या मतें दिल्लीचें पदक हा आपल्या परिसराचा अभिमान आहे. पण रिओचा 120 वा क्रमांक हा आपल्या मुलांचा धडा आहे. कारण आपल्यापैकीं बहुतेकांच्या वांट्यास आयुष्यांत पदकें येणार नाहींत. परंतु मागें पडूनही पुरें करावयाचें अंतर प्रत्येकाच्या वांट्यास येणार आहे.

पोट याच अर्थानें भरतें. जी मुलगी रोज ठरल्या वेळीं उठून ठरलेलें अंतर पुरें करते, तिला गणिताचें अवघड उदाहरण अर्ध्यावर सोडवत नाहीं. ती हरणें जाणते, म्हणून नापास होण्याच्या भीतीनें शाळा सोडीत नाहीं. तिला आपल्या अंगांतील बळ ठाऊक असतें, म्हणून ती वाटेवर मान खालीं घालून चालत नाहीं.

परंतु नुसतें ‘धांव’ म्हणून भागत नाहीं. कांहीं गोष्टी आपण मोठ्या माणसांनीं केल्या पाहिजेत. पहिली, आपल्या घरांत मुलीचें ताट शेवटीं वाढलें जातें. धांवणाऱ्या मुलीस भाकरीबरोबर डाळ, कडधान्य व पालेभाजी पोटभर मिळाली पाहिजे; उपाशी मुलीला पळविणें हें पाप होय. दुसरी, आदिवासी भागांत सिकलसेल हा रक्ताचा विकार आढळतो. म्हणून सराव सुरू करण्यापूर्वीं मुलीचें रक्त सरकारी दवाखान्यांत तपासून घ्यावें व वैद्यांचा सल्ला घ्यावा. तिसरी, सरावाच्या वेळीं मैदानावर शिक्षिका हजर असाव्या, व अंधार पडण्यापूर्वीं मुली घरीं पोंचाव्या, ही जबाबदारी शाळेची; ती आम्ही टाळतां कामा नये. चौथी, मुलग्यांनो, तुमच्याकडे. मैदानाच्या कडेला उभें राहून जो हंसतो, त्यानें एक फेरी तिच्या बरोबर धांवून दाखवावी. मग हंसण्यास श्वास उरला तर अवश्य हंसावें.

आणि पांचवी, ही सर्वांत मोठी: अठरा वर्षें पुरीं होण्याआधीं मुलीचें लग्न नको. तो कायदा आहेच. पण कायद्याच्या भीतीनें नव्हे, तिच्या पायांची दया येऊन तरी थांबा. ज्या पायांनीं अजून आपली चाल ओळखली नाहीं, त्यांवर दुसऱ्या घराचें ओझें घालूं नका.

ज्या गृहस्थांच्या प्रश्नांवरून हा लेख लिहिला, त्यांस माझी एक विनंती आहे. येत्या स्नेहसंमेलनाच्या दिवशीं मजुरी बुडाली तरी चालेल, पण सकाळीं मैदानावर या. मुलींची शर्यत सुरू होईल. तुमची मुलगी पहिली येईल कीं शेवटची, तें मी सांगूं शकत नाहीं. तुम्ही शेवटच्या दोरीपाशीं उभे राहा. ती दोरीशीं येईल तेव्हां आधीं तुमच्याकडे पाहील. त्या वेळीं तिच्या तोंडाकडे पाहा, आणि मग तें धांवणें बंद करावें किंवा नाहीं, हें तुम्हीच मला सांगा.