मुलगे वाचत नाहीत, म्हणजे काय?

मराठीच्या कुठल्याही चर्चासत्रात चहाच्या वेळी एक तक्रार हमखास ऐकू येते: मुली थोडेफार वाचतात, मुलगे मात्र पुस्तकाला हात लावीत नाहीत. तक्रारीपाठोपाठ यादी येते. ‘ययाति’, ‘मृत्युंजय’, ‘स्वामी’ आणि जरा आधुनिक म्हणून ‘कोसला’. ही यादी आम्हीही वर्षानुवर्षे वाटली आहे. ती घेणाऱ्या मुलाला ‘तू एरवी काय वाचतोस?’ असे विचारावे, हे मात्र आम्हांस सुचले नाही.

पुण्यात सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत डोकवावे. गावाकडून आलेले विशी-पंचविशीतले तरुण स्पर्धा परीक्षांसाठी तासन्‌तास मान खाली घालून बसलेले असतात. राज्यघटना, भूगोल, चालू घडामोडी. वाचण्याची चिकाटी त्यांच्यात आमच्याहून अधिक आहे. परीक्षेवाचूनही पुस्तक उघडता येते, ही कल्पनाच तेवढी त्यांच्यापासून कोणीतरी हिरावून घेतली आहे. अशा तरुणाच्या हाती आमची यादी म्हणजे आणखी एक अभ्यासक्रम. वर त्यात गुणही नाहीत!

ती कल्पना हिरावून घेणाऱ्यांत आम्हीही आहोत. काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थी सुहास शिरवळकरांची कादंबरी बाकावर ठेवून बसला होता. आम्ही वर्गासमोर एक कोटी केली. वर्ग हसला, तोही हसला. पुढे वर्षभर त्याच्यापाशी पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक दिसले नाही. ‘दुनियादारी’वर 2013 मध्ये चित्रपट आला, तेव्हा तरुणांनी चित्रपटगृहे भरून टाकली. आमच्या समीक्षेने मात्र त्या कादंबरीला ‘रंजनपर’ हा शिक्का मारून केव्हाच निकालात काढले होते. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, झुंजारने पिढ्यान्‌पिढ्यांना वाचनाची चटक लावली. त्यांचे स्थान आमच्या वाङ्मयेतिहासात फार तर एका परिच्छेदापुरते. ज्या दारातून पुष्कळसे मुलगे आत येत होते, ते आम्ही बंद केले आणि आता कोणी येत नाही म्हणून परिसंवाद भरवतो.

मग द्यावे तरी काय? पहिली अट, पुस्तक लहान हवे. दुसरी, त्यात कोणीतरी काहीतरी करीत असावे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) घ्या. पहिलीच नोकरी लागलेला एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, बंद पडलेली शाळा उघडतो, गावाकडून तालीम बांधवून घेतो आणि मग दुष्काळ पडतो. नोकरीसाठी धडपडणाऱ्या मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही. आम्ही मात्र ती ‘प्रादेशिक कादंबरीची वैशिष्ट्ये’ या प्रश्नाखाली शिकवतो.

त्याहून आम्हांस प्रिय आहे तो गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’. घरावर कर्ज, म्हणून वरसईचा हा ब्राह्मण दक्षिणा मिळवायला काकांबरोबर उत्तरेकडे निघतो आणि 1857 च्या बंडात सापडतो. झाशीचा वेढा तो आतून पाहतो. लुटला जातो, जीव वाचवून भटकतो. एवढे होऊनही घरी परतताना गंगेची कावड मात्र विसरत नाही. जोडलेले पैसे हातचे गेल्याची त्याची हळहळ वाचताना इतिहासाची तारीख आठवत नाही, कर्ज आठवते. 1907 मध्ये छापून आलेले हे पुस्तक संशोधकांसाठी आहे, असा आपला समज का झाला कोण जाणे. अनिल बर्वे यांचे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ही याच पंक्तीतले: एक जेलर आणि फाशीची वाट पाहणारा नक्षलवादी कैदी. एका बैठकीत संपते आणि संपल्यावर झोप लागत नाही.

एका सहकाऱ्याने विचारले, असा वाचक पुढे नेमाड्यांपर्यंत पोहोचेल का? पोहोचेल किंवा पोहोचणार नाही. हा प्रश्न आम्ही मुलींच्या बाबतीत विचारीत नाही, नाटकाला जाणाऱ्या काकांच्या बाबतीत विचारीत नाही. पुस्तक हाती धरू पाहणाऱ्या मुलालाच तो विचारतो आणि तोही त्याने पहिले पान उलटण्याआधी. शिरवळकरांची पंचवीस पुस्तके वाचून तो तिथेच रमला, तर आमचे नेमके काय बिघडते, हे त्या सहकाऱ्याने एकदा लिहून द्यावे.