कोमट पाणी आणि चमचाभर साखर

घरी पाव करायचा म्हटला की कृतीची सुरुवात ठरलेली असते: कोमट पाण्यात साखर विरघळवा, वर यीस्ट घाला, दहा मिनिटांनी फेस आला की पुढे चला. पाव नीट फुगला नाही तर पुढच्या खेपेला पाणी आणखी ऊन करायचं आणि साखर वाढवायची, हा उपायही त्याच समजातून निघतो. यीस्टला ऊब आणि साखर जितकी जास्त तितकं ते जोमाने काम करतं, असा तो समज. तो दोन्ही बाजूंनी कच्चा आहे. यीस्टला लागणारी साखर पिठातच असते, आणि तापमान बघायचं ते पेल्यातल्या पाण्यापेक्षा मळून झालेल्या गोळ्याचं.

आधी साखरेचं पाहू. मैद्यात मुळातच एक ते दोन टक्के विरघळणारी शर्करा असते, म्हणजे अर्धा किलोत निदान ५ ग्रॅम. १८० ग्रॅम ग्लुकोज आंबून ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. घरातल्या तापमानाला हा हिशेब ग्रॅममागे पाव लिटर वायूहून थोडा अधिक पडतो. तेव्हा बाहेरची एक चिमूटही न घालता सव्वा लिटरहून जास्त वायूची तजवीज पिठात आधीच झालेली असते. ही केवळ सुरुवात. पीठ भिजलं की गव्हातली अमायलेज विकरं स्टार्चच्या फुटलेल्या कणांना तोडून माल्टोज बनवू लागतात आणि यीस्टला तासन्‌तास खाद्य मिळत राहतं. दळताना जितके कण फुटतील तितकं हे काम सोपं होतं, आणि आपल्या चक्कीच्या कणकेत असे कण भरपूर असतात. फ्रान्समध्ये १९९३ च्या शासकीय हुकमाने पारंपरिक पावाची व्याख्या बांधली गेली; पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण यांवरच तो मुख्यतः उभा आहे, साखरेला त्यात जागा नाही. तरीही तो उत्तम फुगतो.

साखर वाढवली तर निदान नुकसान तरी नाही ना, असं कुणी म्हणेल. आहे, आणि ते जाणवण्याइतकं आहे. यीस्ट म्हणजे रासायनिक पूड नव्हे. आंबण्याची क्रिया हे जिवंत पेशींचं काम आहे, हे पाश्चर यांनी १८५७ पासून मांडलं. भोवती साखर दाट झाली की या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं. मुरांब्यात बुरशी सहजी धरत नाही, त्यामागेही हेच कारण असतं. त्यात यीस्टच्या पेशीभित्तीतलं इन्व्हर्टेज आपल्या नेहमीच्या साखरेच्या प्रत्येक रेणूचे दोन रेणू करतं, म्हणजे ताण जवळजवळ दुप्पट होतो. पिठाच्या वजनाच्या पाचेक टक्क्यांपर्यंत साखर थोडा वेग देते. दहा टक्क्यांच्या पुढे ती पाय ओढू लागते. गोड बन फुगत नाही म्हणून आणखी साखर घालणारा माणूस म्हणूनच उलट दिशेने चाललेला असतो. तिथे यीस्ट वाढवावं, वेळ द्यावा, किंवा गोड पिठासाठी मुद्दाम विकली जाणारी यीस्टची जात वापरावी. बनच्या रंगाला, मऊपणाला, चवीला साखर हवी, हे मान्यच. पण ते काम खाणाऱ्यासाठी आहे, यीस्टसाठी नाही.

गोव्यातले पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, पूर्वी पावात माडाची सूर घालत, आणि सूर गोड असते, मग साखर लागतेच की, असा एक मुद्दा यावर पुढे करता येईल. माडाचा ताजा रस गोड असतो खरा, पण काढल्यापासून काही तासांतच तो आंबू लागतो, कारण त्यात हवेतली, भांड्यातली यीस्टं उतरलेली असतात. पाव फुगायला तीच लागत.

तापमानाचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं, आणि घरातले बहुतेक पाव तिथेच फसतात. दर दहा अंशांनी यीस्टचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो आणि ३५ ते ३८ अंशांच्या आसपास वायू सर्वांत जोरात निघतो, हे खरं. पन्नाशीच्या पुढे पेशी मरू लागतात आणि साठाला हाती काही उरत नाही, हेही तितकंच खरं. पण मरणाची भीती बाजूला ठेवली तरी वेग म्हणजे पाव नव्हे. घाईने निघालेला वायू धरून ठेवण्याइतकं ग्लुटेन अजून तयार झालेलं नसतं, आणि चव-वास देणारी आम्लं साठायला अवधीही मिळत नाही. म्हणून बेकरीवाले मळलेल्या पिठाचं तापमान २४ ते २७ अंशांत राखतात. त्यांचा ठोकताळा सोपा आहे: हव्या त्या तापमानाची तिप्पट करा, त्यातून खोलीचं आणि पिठाचं तापमान वजा करा, उरेल तितकं पाणी गरम किंवा गार घ्या, यंत्राने मळलं तर घर्षणाचे अंश आणखी वजा करा. नागपुरात मे महिन्यात खोली ४० अंश आणि मैदा ३८ अंश असेल, तर २६ अंशांच्या गोळ्यासाठी उत्तर शून्य येतं, म्हणजे बर्फाचं पाणी. नाशकात जानेवारीच्या सकाळी दोन्ही १५ अंशांवर असतील तर उत्तर ४८ येतं. थंड देशांत लिहिलेल्या कृती कोमट पाणी सांगतात, कारण तिथल्या नळाला हिवाळ्यात अतिशय गार पाणी येतं. तीच ओळ विदर्भाच्या उन्हाळ्यात जशीच्या तशी पाळली तर पीठ तासाभरात आंबट वासाचं होऊन बसतं.

दाणेदार सुकं यीस्ट मात्र गार पाण्यात भिजवू नये, हा आक्षेप बरोबर आहे. सुकलेली पेशी थंडीत भिजली तर तिच्यातला ग्लुटाथायोन बाहेर झिरपतो आणि पीठ सैल पडतं. त्याला ४० अंशांचं थोडं पाणी द्यावं आणि उरलेलं पाणी हिशेबाप्रमाणे गार घ्यावं. बारीक दाण्याचं इन्स्टंट यीस्ट थेट पिठात मिसळता येतं. यीस्ट जिवंत आहे का हे बघायला चिमूटभर साखर टाकली तरी हरकत नाही, जुन्या पाकिटाच्या बाबतीत ती सावधगिरी शहाणपणाचीच. चिमूटभर पिठानेही ती परीक्षा होते, फेस थोडा उशिरा येतो एवढंच.

राहिला वेळेचा प्रश्न. नोकरी करणाऱ्या घराला सहा तास पिठापाशी बसणं परवडत नाही, म्हणून ऊन पाणी आणि साखर, असं म्हटलं जातं. पण घाईचा पाव माणसाला ओट्याशी जखडून ठेवतो, कारण त्यात वीस मिनिटांची चूकही महाग पडते. रात्री गार पाण्याने, थोडं कमी यीस्ट घालून मळलेला गोळा फ्रिजमध्ये चार अंशांवर ठेवला, तर यीस्ट मंद गतीने काम करत राहतं, विकरं साखर मोकळी करत राहतात, आणि सकाळी सातला भाजा की नऊला, पिठाला फरक पडत नाही.